अक्षरावर पाय पडला म्हणून

अक्का,

काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण जेवून आले, तुझ्या सुनेनं हातात दिलेली विड्याची पानं फ्रिजमध्ये ठेवली आणि आज सकाळी तुझ्याशी भांडायला बसले. जिवंतपणी तू मला धड भांडू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की 'सेरि, सेरि, पोदुम' म्हणायचीस, म्हणजे बरं, बरं, पुरे आता, आणि पुढ्यात कॉफीचा पेला सरकवायचीस. कॉफी गरम असेपर्यंत माणूस किती भांडणार? आता कॉफी नाही, तेव्हा ऐकून घे.

आधी शाळेचं सांगते. मागच्या आठवड्यात तिथं तुझी शोकसभा झाली. नोकरी सोडल्यावर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्यासाठी गेले. चेन्नईतल्या मांबळमच्या जुन्या घरातली तीच शाळा, त्याच लोखंडी जाळ्या, पण व्हरांडा पाहून माझे पाय दारातच अडले. फरशीभर ऑइलपेंटनं इंग्रजी अक्षरं रंगवली आहेत. लाल, पिवळी, निळी, हातभर उंचीची. भिंतीवर पाटी आहे, 'फोनिक्स वॉक', म्हणजे अक्षरांचे आवाज काढत चालणं. एक तरुण जोडपं आलं होतं, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, सिरुसेरीच्या आयटी पार्कची बस पकडायच्या घाईत. नवी टीचर त्यांना सांगत होती की आमच्याकडे मुलं अक्षरांवरून चालत चालत वाचायला शिकतात, मेंदूसाठी फार चांगलं असतं. ती दोघं खूश. आणि मुलं त्या अक्षरांवरून उड्या मारत होती, बूट घालून. बूट घालून, अक्का!

मग आपले करस्पॉण्डंट उभे राहिले. शाळेच्या मालकाला चेन्नईत करस्पॉण्डंट का म्हणतात हे मला अजून कळलेलं नाही, कारण या गृहस्थांनी आयुष्यात कोणाला सरळ उत्तर दिलेलं नाही. लुंगीसारखी पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळाला विभूती. म्हणाले, "हे सगळं सुगुणा मॅडमनी सुरू केलं. शाळेनं त्यांना नेहमीच पाठिंबा दिला." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी! त्यांना बहुतेक तसंच आठवत असेल. मग आम्ही सगळे तुझ्यासाठी स्तब्ध उभे राहिलो आणि कोणाचा तरी मोबाईल सिनेमाच्या गाण्यावर वाजत राहिला. माझ्या मनात आलं, याच व्हरांड्यात, याच माणसानं, याच गोष्टीसाठी तुला हात जोडायला लावले होते. ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. कारण लगेच दुसरा विचार आला, त्यांनी लावले हे खरं, पण जोडलेस तूच.

तेच माझं भांडण आहे.

मी सांगलीहून आले तेव्हा बँकेची बदली ह्यांची झाली होती आणि शिक्षा मला झाली होती. तमिळचा एक शब्द येत नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी तू मला मराठीत हाक मारलीस तेव्हा मी इतकी हरखले की आधी तुझं मराठी कसं आहे हे ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा हसू फुटलं. "मजला ठाऊक आहे, तुजला भाजी घ्यायास येत नाही. सायंकाळी माझेसवें ये." तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेलं मराठी, शेवटाला तमिळ हेल. मी हसले म्हणून तू रागावली नाहीस. उलट मी 'तुम्ही' म्हणाले तेव्हा रागावलीस. "अक्का म्हणतीस, मग तुम्ही कशास? मी तुझी सासू नव्हे."

पहिलं भांडण त्याच आठवड्यात. मी एल. के. जी.च्या पोरांकडून सी-ए-टी, कॅट, सी-ए-टी, कॅट असं घोकून घेत होते. मी तशीच शिकले होते. तू दारात येऊन म्हणालीस, "सी, ए, टी हे तिघं मिळून 'सीएटी' होतील. कॅट कुठून आली?" मला राग आला. मग तू तीन मुलांच्या हातात तीन पुठ्ठे दिलेस, व्हरांड्यात लांब लांब उभं केलंस आणि अक्षराचं नाव सोडून नुसता आवाज काढायला लावलास. क्. अ‍ॅ. ट्. मग प्रत्येक वेळी एकेक पाऊल जवळ. मुलं सरकत सरकत खांद्याला खांदा लागेपर्यंत आली आणि बघणारी सगळी पोरं एकदम ओरडली, "कॅट!" त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझा राग गेला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी मीही पुठ्ठे कापायला घेतले.

तुझी ती पिवळी कापडी पिशवी आठवते का? टी. नगरच्या साडीच्या दुकानातली, नाव पुसून गेलेली. रोज एकाच आवाजाच्या वस्तू तिच्यात. मुलानं न बघता हात घालायचा, चाचपायचं, वस्तूचं नाव सांगायचं आणि नावाचा पहिला आवाज. 'म्'च्या दिवशी कॉफीचा मग, मॅचबॉक्स, मुरुक्कू. मुरुक्कू बाहेर आला की वर्ग संपला, कारण पुढं सगळे चकली खात बसायचे. आणि 'प' आणि 'ब'! तमिळ लिपीत दोघांना एकच अक्षर, त्यामुळे पोरांचा नुसता गोंधळ. तू त्यांना स्वतःच्या गळ्यावर हात ठेवायला सांगायचीस. "आत भुंगा आहे की नाही पाहा. भुंगा असेल तर ब." पन्नास पोरं गळ्याला हात लावून भुंगा शोधताहेत, हे दृश्य पाहून एकदा पोस्टमन घाबरला होता.

पण खरी गंमत कोलमची. सकाळी तू सगळ्यांच्या आधी यायचीस. इथं दारोदार बायका रांगोळी घालतात तशी तू व्हरांड्यात कोलमच्या पुडीनं अक्षरं काढायचीस, मोठी, एका ओळीत. मुलं चपला काढून, पाय धुऊन यायची. आधी वाकून अक्षराला हात लावायचा, हात डोळ्यांना लावायचा. मग त्या पांढऱ्या रेघेवरून चालायचं, जिथून लिहायला सुरुवात करतात तिथून, आणि चालताना तो आवाज काढायचा. 'स्स्स्' म्हणत वळणं घेत जाणारी ती छोटी पावलं. शाळा सुटेपर्यंत सगळी पूड पायांना लागून घरोघर पोचलेली असायची.

मी विचारलं होतं, "अक्का, अक्षराला पाय लागतो ना गं?" मला लहानपणी पुस्तकाला पाय लागला तर आजी दहादा नमस्कार करायला लावायची. तू म्हणालीस, "नाच शिकणारी पोर काय करती? आधी भूमीची क्षमा मागती, मग पाय आपटती. क्षमा मागून जाहली की पाय हेही हातच." तू लहानपणी थोडा नाच शिकली होतीस, लग्नानंतर सुटला. म्हणून ते नमस्काराचं तू आधीच घालून ठेवलं होतंस. कोणी बोट दाखवायच्या कितीतरी आधी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तू ते नंतर विसरलीस.

आणि पवित्रा. एका जागी बसायचीच नाही. पुस्तक पुढं ठेवलं की बाकाखाली. पिशवीत हात घालायची तर वस्तू घेऊन पळायची. मी हात टेकले होते. तू म्हणायचीस, "तिचे पाय शिकताहेत, वरपर्यंत यायास वेळ लागेल." जूनपासून ती फक्त कोलमवर चालत होती. एक शब्द वाचला नव्हता.

मग सरस्वतीपूजा आली. या दिवशी इथं पुस्तकं देवीपुढं मांडतात आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही, वाचायचं नाही. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी पवित्राची आजी तिला दंडाला धरून शाळेत घेऊन आली. नऊवारी मडिसार, हिऱ्याच्या कुड्या, रागानं लाल. ऑफिसात तुला बोलावलं. मी दाराशी उभी होते. पाट्टीचं, म्हणजे त्या आजीचं, तमिळ मला तोवर कळायला लागलं होतं. म्हणाली, देवीपुढं माझी पोथी ठेवलेली, आपल्या ज्ञानेश्वरीसारखी तिची कुठलीशी. घरातली सगळी पुस्तकं ठेवलेली. आणि ही कार्टी कोलमचा डबा घेऊन आली, ऐन देवीसमोर तीन अक्षरं काढली आणि त्यांच्यावरून नाचत गेली. "ओरडत होती. स्स्, अ‍ॅ, ट्, सॅट! सॅट! देवीसमोर! अक्षरांवर पाय! विचारलं तर म्हणते टीचरनं शिकवलं."

अक्का, तू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. सॅट! तिनं वाचलं होतं. स्वतः अक्षरं काढून, स्वतः आवाज जोडून, कोणी न सांगता. त्या खोलीत एका पोरीचा पहिला शब्द पडला होता आणि सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

करस्पॉण्डंटना पालकांची भीती. शनिवारी पालकसभेत तू सगळ्यांसमोर माफी मागायची असं ठरलं. आदल्या दिवशी मी तुझ्या घरी आले. मी म्हटलं, नाही म्हण. त्यांना नमस्काराचं सांग. मुलं रोज आधी क्षमा मागतात हे सांग. पोरीनं वाचलं हे सांग. नोकरी गेली तर दोघींची जाईल, मी आहे. तू कॉफी गाळत होतीस. म्हणालीस, "उद्या पाहू."

उद्या मी पाहिलं. तू व्हरांड्यात उभी राहिलीस, हात जोडलेस, तमिळमध्ये म्हणालीस, "माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही." नमस्काराबद्दल एक अक्षर नाही. पवित्राबद्दल एक अक्षर नाही. मग ओलं फडकं मागवलंस आणि सकाळी काढलेली अक्षरं गुडघ्यावर बसून पुसलीस. तुझे गुडघे दुखायचे, तरी शेवटच्या अक्षरापर्यंत पुसलीस. पाट्टी पहिल्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "ठीक आहे." मुलं रोज क्षमा मागतच होती ना गं? मग तू ती दुसरी क्षमा कोणाची मागितलीस?

सोमवारी खोकं आलं. सीडी, रंगीत कार्डं, प्लॅस्टिकची अक्षरं. सीडीतली बाई परक्या नाकातून आवाज काढायची आणि पोरं जागच्या जागी बसून तिच्यामागून म्हणायची. तूही त्यांच्याबरोबर म्हणायचीस, टाळ्या वाजवत. तुझ्या त्या टाळ्यांचा मला संताप यायचा. पवित्रा बाकाखाली गेली ती बाहेर आलीच नाही. पुढच्या जूनमध्ये तिच्या घरच्यांना टी. सी. घ्यायला सुचवण्यात आलं. मी राजीनामा दिला. तू राहिलीस. त्याच खोक्याशेजारी तू आणखी इतकी वर्षं राहिलीस.

आपण भेटत राहिलो, हेही खरं. दिवाळीला तुझा डबा यायचा, संक्रांतीला माझा तिळगूळ जायचा. चेन्नईत मला पहिल्या तापात रसम-भात भरवणारी तूच, माझ्या मुलीला जन्मल्यावर न्हाऊमाखू घालणारी तूच. ते मी नाकारत नाही, आणि म्हणूनच तर रागावता येतं. पण त्या शनिवारबद्दल बोललो नाही. गेल्या वर्षी टी. नगरच्या बसस्टँडवर, दोघींच्या हातांत पिशव्या, मी न राहवून विचारलं, "अक्का, त्या पवित्राचं पुढं काय झालं असेल गं?" तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, "बस आली बघ." तुझी बस नव्हतीच ती. तरी चढलीस.

आता कालचं.

बारा दिवस तुझ्या दारात कोलम नव्हतं. काल सुनेनं पहिल्यांदा घातलं. आत खुर्चीवर तुझा फोटो, जास्वंदीचा हार. शेजारी शाळेनं पाठवलेलं इंग्रजी मानपत्र, काचेत बसवलेलं. मी कोपऱ्यात बसले होते. दारातून एक म्हातारी आली, काठी टेकत, पांढरी झालेली. कुड्यांवरून ओळखलं. तिच्यामागं नऊ-दहा वर्षांची उंच पोरगी.

मला वाटलं उठून जावं. पण पाट्टीच माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही त्या दुसऱ्या टीचर ना? सुगुणा सांगायची तुमचं." मी म्हटलं, कधी सांगायची? पाट्टी म्हणाली, "दर शुक्रवारी यायची ना. शाळा सुटल्यावर. आमच्या गच्चीवर."

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. माफीनंतरच्या आठवड्यात तू तिच्या दारात गेलीस. माफी मागितलेली बाई, हाकलणार कशी? पाणी दिलं. तू म्हणालीस, पोरीनं तुमच्या देवीपुढंच पहिला शब्द वाचला, हे तुम्हाला दिसलं नाही का? पाट्टीला ते खरंच दिसलं नव्हतं. तुम्ही दोघी गच्चीवर गेलात. त्या शनिवारच्या पुसण्यानंतर तुला वाकवत नव्हतं, म्हणून अक्षरं पाट्टीनं काढली. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डब्यातल्या पुडीनं. "चार वर्षं मी कोलम घातलं, पोर चालली. आधी नमस्कार करायची. मला इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं सगळी मला काढता येतात." हे सांगताना म्हातारीला अभिमान वाटत होता.

मी विचारलं, "मग शाळेत येऊन का सांगितलं नाहीत? एकदा म्हणाला असता तर ते कोलम पुन्हा सुरू झालं असतं." पाट्टीनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "सगळ्यांसमोर एकदा बोलून गेले होते. मागं कसं घ्यायचं? मी तिला म्हटलं, कोणाला सांगू नको. तिनं शब्द दिला."

तर हे असं. शब्द दिलास. मला रडू आलं नाही, अक्का, मला तुझा फोटो हलवावासा वाटला. वाटलं असेल तुला की मी हे ऐकून विरघळेन. नाही. मी अजून म्हणते, माफी मागायला नको होती. एका पोरीच्या गच्चीसाठी तू अख्खा व्हरांडा देऊन टाकलास. दरवर्षी पन्नास पोरं त्या नाकातल्या बाईच्या मागं बसली, त्यांतही बाकाखाली जाणारं कोणीतरी असेलच, त्यांना गच्ची कोणी दिली? आणि मला का नाही सांगितलंस? मी का तुझ्या पाट्टीच्या घरी जाऊन ढोल पिटणार होते? पाच वर्षं तू माझा राग नुसता पाहत राहिलीस, त्यावर कॉफी ओतत राहिलीस. त्या बसमध्ये चढताना तुला एकदाही वाटलं नाही की हिला सांगावं, पवित्रा वाचते? एवढे दोन शब्द. तुझ्याकडे होते आणि तू ते घेऊन गेलीस. याला मी तुला क्षमा करणार नाही, आणि तू आता मागूही शकत नाहीस.

मी हे सगळं मनात बोलत असताना ती पोरगी तुझ्या फोटोसमोर उभी होती, चपला दाराबाहेर काढून. शाळेचं ते काचेतलं मानपत्र वाचत होती, ओठ हलवत. 'आमच्या फोनिक्स वॉकच्या पायोनियर' असं काहीतरी त्यात इंग्रजीत आहे. मोठ्ठा खोटारडेपणा, सोनेरी अक्षरांत. 'पायोनियर'पाशी ती अडली. पुन्हा मागं आली, पुन्हा अडली. मग माझी नजर खाली गेली. तिच्या उजव्या पायाचा अंगठा तुझ्या फरशीवर हळूहळू अक्षरं काढत होता. एक, मग दुसरं, मग पुढचं. पाट्टीनंही पाहिलं. मला वाटलं ती आता काठी आपटेल. तिनं फक्त आपली साडी थोडी आवरून घेतली, अंगठ्याला जागा व्हावी म्हणून.

अंगठा थांबला. पोरीनं तो शब्द वाचला आणि पुढच्या ओळीवर गेली.